इतर कारणांमुळे सोडले

टेलरमास्तरांना काचबिंदू होऊन सात वर्षं झाली होती आणि या सात वर्षांत त्यांनी एकच गोष्ट बेमालूम शिवली होती, ती म्हणजे सबब.

आज दवाखान्यात सिस्टर त्यांना प्रश्न विचारून कागद भरणार होती. रोजचं जगणं कसं चाललंय ते बघून डॉक्टर ठरवणार होते, थेंबांवर भागवायचं की ऑपरेशन करायचं. ऑपरेशनचा विषय निघाला की मास्तर भलतंच काहीतरी बोलायला लागत. जन्मभर लोकांच्या कापडावर बेधडक कात्री चालवली, पण स्वतःवर वेळ आली की बोबडी वळते, याचं त्यांना स्वतःलाच हसू येई.

बायको नेहमीप्रमाणे त्यांच्या उजवीकडे बसली. सिस्टरने पर्याय वाचून दाखवले. शेवटचा होता, 'इतर कारणांमुळे सोडले'. मास्तरांना घबाडच सापडलं.

"काजं करायला त्रास होतो?"

"सोडलं ते. हल्ली सगळ्यांना चेनच लागते."

"जिना उतरायला?"

"सोडलं. खाली आहे काय एवढं बघण्यासारखं?"

"पत्ते वगैरे खेळायला?"

"सोडलं. शेजारी लबाडी करतो."

"लबाडी कसली! यांनीच बदाम समजून चौकट टाकली," बायको म्हणाली.

"तू गप गं. लिहा सिस्टर, इतर कारण."

बायको खरंच गप्प झाली. हसू दाबत असेल, मास्तरांना वाटलं. त्यांना आणखी चेव आला आणि पुढच्या वीस प्रश्नांपैकी सतरांची त्यांनी अशीच वासलात लावली; उरलेल्या तिनांना 'काहीच त्रास नाही' म्हणून टाकलं.

सिस्टरने आतापर्यंतची बेरीज केली. "काका, 'इतर कारणं' आम्ही मार्कांत धरत नाही. उरलेल्यांत तुम्हाला शंभरपैकी शंभर."

शाळेत पस्तिसावर घासत पास झालेल्या माणसाची छाती फुगली. चला, ऑपरेशन टळलं!

"एकच राहिला. आपल्या बोलण्यावर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते दिसतं?"

"न दिसायला काय झालं? ही बघा, मघापासून गालातल्या गालात हसतेय."

सिस्टर काहीच लिहीना. ती त्यांच्या उजवीकडे बघत राहिली. मास्तरांनी मान पार खांद्यापर्यंत वळवली, तेव्हा कुठे बायको दिसली. तोंडावर रुमाल दाबून ती रडत होती. डोळे चांगलेच सुजले होते.

"अगं, कधीपासून?" त्यांनी घाबरून विचारलं.

"झालं की वर्ष," ती नाक पुसत म्हणाली. "रडू आलं की मी तुमच्या उजवीकडे येऊन बसते. तिकडचं तुम्हाला दिसत नाही."

मास्तरांना भयंकर लाज वाटली. घरात जिचं रडणं वर्षभर दिसलं नाही, तिच्या देखत हे शहाणे शंभर मार्क घेऊन बसले होते!

"सिस्टर, तो कागद फाडा," ते म्हणाले. "माप चुकलंय. पहिल्यापासून घ्या, आता खरं सांगतो."

मग बाकावर सरकून त्यांनी डावीकडे जागा केली.

"आणि तू इकडे ये. इथे बसून रड."