रफूची उलटी बाजू

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कापलेले कपडे कुठे आहेत?"

"गिऱ्हाइकांकडे," रफूवाली म्हणाली.

"कापलेलेच परत दिलेत?"

"छे, रफू करून. कुठे कापलं होतं ते शोधूनही सापडायचं नाही."

हे सांगताना तिचा आवाज जरासा ताठ झाला. बावीस वर्षांत तिचा टाका कुणाच्या नजरेला सापडला नव्हता, आणि हातच्या कामाचा अभिमान काही चपलेसारखा वकिलाच्या दाराबाहेर काढून ठेवता येत नाही.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चोराने भिंत फोडली, आणि तुम्ही सकाळी उठून ती लिंपलीत, वर रंगही दिलात. आता कोर्टाला मी काय दाखवू? रंग?"

रफूवालीला हसू आलं, आणि लगेच ओसरलंही.

गोष्ट अशी होती. तिच्या नवऱ्याचं हे दुसरं लग्न. पहिलीशी काडीमोड होऊन सहा वर्षं झालेली; मूलबाळ नव्हतं, कागदावर सह्या झाल्या होत्या, भांडीकुंडीसुद्धा वाटून झाली होती. पण काही माणसं घर सोडतात, उंबरा सोडत नाहीत. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने रफूवालीशी लग्न केलं आणि पहिली पुन्हा उगवली. आधी नुसते फोन यायचे. उचलला की पलीकडे फक्त श्वास. मग ती दुकानातच येऊ लागली. दुकान ते केवढं! एक टेबल, एक वाकड्या मानेचा दिवा, आणि भिंतीलगत दांडीवर टांगलेले लोकांचे कपडे. पहिली नेमकी गर्दीच्या वेळी यायची, कपडे चाळल्यासारखं करायची, "दुसऱ्याचं जुनं वापरायची तुला सवयच आहे," असं काहीतरी चारचौघांत टोचायची आणि निघून जायची. ती गेल्यावर दांडीवरच्या एखाद्या कपड्यावर कात्री चाललेली असायची. बोटभर लांब, सरळ.

मग रफूवाली काय करायची? तिला जे येत होतं तेच. दार ओढून घ्यायची, शिवणीच्या आत दुमडलेल्या पट्टीतून त्याच कापडाचे धागे उपसायची, रफू करायची आणि कपड्याला टाचलेल्या चिठ्ठीच्या मागे सवयीने तारीख आणि काम लिहायची. गिऱ्हाईक यायचं, कपडा घेऊन जायचं, कुणाला पत्ता नाही. नवऱ्यालाही नाही. तो बस चालवतो, दिवसभर पन्नास-साठ जीव पाठीशी घेऊन; घरी आल्यावर त्याच्या डोक्याला हा ताप कशाला? नऊ महिने असेच गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण मुठीत निखारा असला तर भाजतो तो आपलाच हात.

आणि गेल्या मंगळवारी दुकानात दुसरं कुणी नसताना पहिली आली. टेबलावरची मोठी कात्री उचलून तिने ती रफूवालीच्या गळ्यापाशी धरली आणि हळूच म्हणाली, "कपडे संपले की तुझी पाळी." एवढं बोलून कात्री जिथली तिथे ठेवून गेली. त्या दिवशी रफूवालीने सुई खाली ठेवली आणि वकिलाचा पत्ता विचारला.

"मंगळवारचं कुणी पाहिलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"शेजारच्या दुकानातले चष्मेवाले तिला बाहेर पडताना बघतात नेहमी. आतलं नाही पाहिलं."

"मग घरी जा आणि नवऱ्याला सगळं सांगा. तिने त्यांना काही लिहून पाठवलंय का ते विचारा. तिने दुकानाच्या आणि घराच्या आसपास फिरकू नये असा हुकूम आपल्याला मिळू शकतो. पण कोर्टाला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी हवं."

संध्याकाळी नवरा कामावरून आला, चहा झाला, सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. रफूवालीने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. नवरा ऐकता ऐकता पांढरा पडत गेला. कात्रीपर्यंत गोष्ट आली तेव्हा तो उठला, खुंटीवरच्या सदऱ्यातून फोन काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"बघ," तो म्हणाला. "मी कधी उत्तर दिलं नाही. पण काढूनही टाकले नाहीत."

पहिलीचे निरोप होते. एकाखाली एक. 'निळ्या कोटाची डावी बाही बघ म्हणावं तुझ्या शिंपिणीला.' महिन्याभराने, 'आज लाल. पाठीवर.' मग, 'करड्या शालीचा कोपरा. शिव म्हणावं.'

रफूवालीने शेवटपर्यंत वाचलं. "अहो, हे तुमच्याकडे नऊ महिने होतं?"

"मला वाटलं, काहीतरी बरळतेय. तुझ्या दुकानात फाटकं काही दिसलं नाही ना कधी. म्हटलं, उगाच तुला घाबरवायचं कशाला?"

"आणि मला वाटलं, तुम्हाला दमवायचं कशाला?"

सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "शाबास. एकाने चिठ्ठी लपवली, दुसरीने भोक लपवलं. नऊ महिने एका घरात जेवताय की वेगवेगळ्या गावांत?"

नवरा म्हणाला, "पण आई, कोर्टात गेलं की चव्हाट्यावर येईल सगळं. तिची काय दशा होईल?"

"ती माझीही सून होती रे," सासूबाई म्हणाल्या. "हाताने वाढलंय मी तिला. तिची कीव येते मला, खोटं कशाला बोलू? देवापुढे बसते तेव्हा तिचंही नाव घेते. पण कीव येते म्हणून कुणाच्या हातात कात्री राहू द्यायची नसते."

रफूवालीला त्या क्षणी आपली आई आठवली. सुई धरायला तिनेच शिकवलं. ती म्हणायची, "सुलटी बाजू गिऱ्हाइकाची, उलटी बाजू देवाची. गिऱ्हाइकाला काही दिसता कामा नये, देवापासून काही लपता कामा नये." नऊ महिने रफूवालीने सुलटी बाजू तेवढी सांभाळली होती. पण कपडा उलटा केला की रफू दिसतंच. आत धाग्यांची टोकं असतात, कितीही निगुतीने खोचली तरी. म्हणजे पुरावा गेला नव्हता. तो गावभर लोकांच्या कपाटांत आतल्या बाजूने टांगलेला होता.

फक्त तो मागायला जायचं म्हणजे आधी कबुली द्यायला हवी. तुमचा कपडा माझ्या दुकानात कापला गेला आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. ज्याची रोजी लोकांच्या विश्वासावर, त्याला हे वाक्य उच्चारणं म्हणजे स्वतःच्याच बोटात सुई खुपसणं. पण ती दुसऱ्याच दिवशी निघाली. "मी येऊ?" नवऱ्याने विचारलं. "नको," ती म्हणाली. "लपवलं मी. सांगेनही मीच."

निळा कोट डॉक्टरीणबाईंचा. त्यांनी ऐकून घेतलं, कोट आतून बाहेरून पाहिला आणि म्हणाल्या, "माझ्या पेशंटने दुखणं नऊ महिने लपवलं असतं तर मी ओरडले असते. तुमच्यावर काय ओरडू? न्या." लाल कोट बँडमधल्या ट्रंपेटवाल्याचा.

"म्हणजे अख्खा मोसम मी पाठीला खिंडार घेऊन वाजवत होतो?"

"बुजवलं होतं ना दादा."

"तरीच. मी म्हणतो, पाठीमागून सूर कसा गळतोय." आणि कोट घडी घालून त्याने स्वतः पिशवीत ठेवला.

करडी शाल एका निवृत्त मास्तरीणबाईंची. त्यांनी शाल दिली, पण दारातच उभं ठेवून. "काम झालं की परत आणून द्या. यापुढचं काम मात्र मी दुसरीकडे देईन. कापलं म्हणून नाही, सांगितलं नाहीत म्हणून." रफूवालीने मान खाली घालून "बरोबर आहे बाई" म्हटलं. हा छेद रफू होणारा नव्हता, हे तिलाही कळलं.

तारखेच्या दिवशी शेजारचे चष्मेवाले साक्षीला आले, येताना खिशात मोठं भिंग घेऊन. "ताई, कोर्टाची नजर अधू असते असं ऐकलंय," म्हणाले. "असू दे बरोबर."

कोर्टाची खोली म्हणजे लांब टेबल आणि दोन्हीकडे खुर्च्या. पलीकडे पहिली बसली होती, केस नीट बांधून, हात मांडीवर घेऊन. तिचे वकील उठून म्हणाले, "साहेब, या बाईंचा धंदाच रफूचा. रफू दाखवायला त्यांना कितीसा वेळ? आणि निरोपांत धमकी कुठे आहे? नुसते रंग आहेत."

न्यायाधीशांनी रफूवालीकडे पाहिलं. तिने निळा कोट उलटा करून टेबलावर पसरला, शेजारी लाल कोट, त्याच्या शेजारी शाल.

"साहेब, कापड झिजून फाटलं तर भोक वेडंवाकडं पडतं, कडेचं सूत विरलेलं असतं. खिळ्याला अडकलं तर कोनात फाटतं. ही तिन्ही बघा. सरळ, बोटभर. कात्रीचं पातं एकदाच मिटलेलं." तिने भिंग पुढे सरकवलं. "प्रत्येक कपड्याला मी तारखेची चिठ्ठी टाचते, आणि कपडा देताना ती काढून माझ्याकडे ठेवते. ज्या दिवशी कापलं त्याच दिवशी रफू केलं, आणि चिठ्ठीच्या मागे तेव्हाच तसं लिहिलं."

न्यायाधीशांनी चिठ्ठ्या उलटून पाहिल्या, मग फोनवरच्या तारखा. बराच वेळ. "त्या दिवशी," त्यांनी विचारलं, "निळ्या कोटाची डावीच बाही कापलीय हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला," रफूवाली म्हणाली. "आणि जिने कापली तिला."

तेवढ्यात पहिली उठली. तिच्या वकिलांनी दंडाला धरलं, पण ती टेबलापर्यंत आली होती. तिने बाहीच्या आतल्या धाग्यांवर बोट ठेवलं.

"इथे होतं," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. "दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या काचेतून बघायचे. काहीच झालेलं नसायचं. एवढं करूनही काहीच नाही."

वकिलांनी डोळे मिटून घेतले.

रफूवाली त्या बोटाकडे बघत राहिली. ही बाई नऊ महिने एका दारावर धक्के मारत होती, आणि आपण दर वेळी ते दार पुसून चकचकीत करत होतो. न्यायाधीशांनी आवाज मऊ केला. "अर्जदारबाई, समजुतीने मिटवायचं असेल तर अजून वेळ आहे. यांनी लेखी माफी मागितली तर चालेल?"

रफूवालीचे हात शिवशिवले. एक टाका घातला की संपलं, जन्मभराची सवय. तिने दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले.

"यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, साहेब. देव यांचं भलं करो. पण हुकूम हवा. लेखी."

हुकूम मिळाला. एक वर्ष दुकानापासून आणि घरापासून शंभर पावलं लांब. फोन नाही, निरोप नाही. मोडला तर अटक. पहिली खाली मान घालून निघून गेली. सुनावणीला आलेल्या सासूबाई जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रफूवालीने हुकुमाची प्रत काढली आणि दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येईल अशी दिव्याच्या वर चिकटवली. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्या दचकल्याच.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"आधी वाचतील आई. मग म्हणतील."

चष्मेवाले दारातून डोकावले, डोळे बारीक करून भिंतीकडे बघत. "अक्षर फार बारीक आहे ताई. ज्याला वाचता येणार नाही त्याला माझ्याकडे धाडा."

रफूवालीने दार सताड उघडं ठेवलं आणि दांडीवरचा पहिला कपडा उतरवून घेतला.