निळी पडलेली हिरॉईन

पंजाबरावांना संशय यायला कारण लागत नसे. कोणी हसून बोललं की याला काही पाहिजे, न हसता बोललं की यानं काही केलं, असा त्यांचा सरळ हिशेब. फिरत्या तंबूच्या सिनेमाचा धंदा, रोज नवा गाव, नवी माणसं. स्वभावाला खतपाणी भरपूर. बायको सुंदराबाई तिकिटाच्या खिडकीत बसे, तर तिच्याकडेही अधूनमधून तिरप्या नजरेनं पाहत. आता काय म्हणावं अशा माणसाला.

त्या साली अकोल्याजवळच्या जत्रेत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रंगीत सिनेमा आणला. तोवर सगळं काळं-पांढरं. अमरावतीहून रिळांच्या पेट्या आल्या, भोंग्यावरून ‘संपूर्ण रंगीत’ अशी बोंब झाली, आणि दिवे लागायच्या आत तंबूपुढं बैलगाड्यांची रांग लागली. सिनेमा सुरू झाला, हिरॉईन पडद्यावर आली आणि पंजाबराव खुर्चीवरून उठून उभेच राहिले. बाई निळी होती. ओठ जांभळे, गाल पार मेलेले, आणि हिरव्या शेतात ती विहिरीतून काढल्यासारखी नाचत होती.

“बाईले साप चावला काय बे?” पब्लिकमधून कोणीतरी विचारलं, आणि तंबू हसायला लागला.

पंजाबरावांनी पहिला संशय घेतला तो अमरावतीच्या वितरकावर. खेड्यातला मालक पाहून सडकी प्रिंट गळ्यात मारली, दुसरं काय! पेटी घेऊन ते तडक अमरावतीला गेले आणि कचेरीत आवाज चढवला. तिथल्या माणसानं शांतपणे रीळ आपल्या यंत्रावर चढवलं आणि समोरच्या भिंतीवर हिरॉईन उभी केली. गुलाबी गाल, लाल ओठ, चांगली ठणठणीत. पंजाबराव मुकाट्यानं पेटी उचलून बसमध्ये बसले. प्रिंट चांगली, तर खोट यंत्रात. आणि यंत्र म्हणजे नत्थुजी.

नत्थुजी तिवशाचा. पंजाबरावांनी तंबू घेतला तेव्हापासून यंत्र त्याच्याच हातात. त्या यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळत आणि त्यांच्या उजेडावर सिनेमा चाले. कांडी चांगली तर उजेड पांढराफेक, हलकी असली की उजेडाचा रंग बिघडे. बसच्या खिडकीशी बसल्या-बसल्या पंजाबरावांना सगळं दिसलं: नत्थुजी चांगल्या कांड्या अकोल्याच्या थेटरात विकतो आणि आपल्याकडे भंगार जाळतो. इतकं स्पष्ट दिसलं की आजवर कसं दिसलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

तंबूवर पोचताच त्यांनी नत्थुजीला ट्रंक उघडायला लावली, तीही तिकिटाच्या रांगेसमोर. दोन सदरे, घोंगडी, बायकोसाठी घेतलेलं कोरं लुगडं. कांडी एकही नाही.

“विकून टाकल्या वाट्टे. निंघ इथून,” पंजाबराव म्हणाले.

 मान खाली घालून नत्थुजीनं लुगडं झटकलं, त्याची घडी घातली, ट्रंक उचलली आणि चालता झाला. निर्दोष माणूस भांडला असता, असं पंजाबरावांनी लगेच मनात टिपून घेतलं.

“चूक करून राहिले तुमी,” सुंदराबाई म्हणाली. तिच्याकडेही त्यांनी तिरपं पाहिलं.

अकोल्याहून शेषराव नावाचा ऑपरेटर आला, नव्या कांड्या घेऊन. हिरॉईन निळीच. आता नत्थुजी आणि शेषराव आतून मिळालेले आहेत, हे पंजाबरावांना कळायला वेळ लागला नाही. त्यालाही ते काढणारच होते, पण दुपारी वावटळ आली आणि पडदा एका बाजूनं टरकन फाटला. सुंदराबाईनं कोऱ्या मांजरपाटाचं मोठं ठिगळ घेऊन तो शिवला.

त्या संध्याकाळी हिरॉईन नेमकी ठिगळावर येऊन उभी राहिली. कपाळ निळं आणि नाकाखाली सगळं गुलाबी. हसली तेव्हा दात पांढरे, ओठ लालबुंद. पंजाबराव खुर्ची सोडून पडद्याजवळ गेले आणि आधी ठिगळाला, मग पडद्याला हात लावून पाहत राहिले.

“पडदाच निळा हाये,” मागून सुंदराबाई म्हणाली. “जत्रेआधी धुवाले देल्ला तवा घाटावर तुमीच उभे होते. धोबी म्हने, पुरे झाली नीळ. तुमी म्हने, हा नीळ चोरून राहिला, टाक अजून. मुठीमुठीनं टाकाले लावली त्याले.”

खरंच लावली होती. काळ्या-पांढऱ्या सिनेमात तो पडदा बगळ्यासारखा दिसला होता, म्हणून कोणाला काही कळलं नाही.  जगात आपल्याइतका मूर्ख कोणी नाही असं पंजाबरावांना मनापासून वाटलं, आणि सकाळच्या पहिल्या बसनं ते तिवशाला निघाले.

नत्थुजी अंगणात तुरी पाखडत बसला होता. पंजाबराव उभ्या-उभ्याच बोलले.

“पडद्यात नीळ होती, नत्थू. खोट तुह्यात नोती, तुह्या मशीनमंदीबी नोती. म्या उगाच तुह्यावर आळ घेतला. चाल आता, तुह्याबिगर तंबू चालत नाई.”

नत्थुजीचा हात सुपावर थांबला. “पडदाच निळा होता?”

“होय.”

“म्हंजे माहे डोळे चांगले हायेत?”

“डोळ्याचं काय मंदातच?” पंजाबरावांनी विचारलं.

“जाळ पांढरा हाये का नाई, हे डोळ्यानंच पाहा लागते, मालक. मले तो पांढरा दिसे अन् पडद्यावर निळं पडे. मी समजलो, डोळे गेले. आंधळ्या ऑपरेटरले कोन ठेवते? म्हनून ट्रंक उघडली तवा गप बसलो. म्हटलं, चोर म्हटलं तरी चालन, पन आंधळा म्हनू नये कोनी.” तो बोलता-बोलता रडला आणि हसलाही. मग घरातल्या बायकोला हाक मारून मोठ्यानं म्हणाला, “जमुना, आयकलं काय? डोळे चांगले हायेत.”

पंजाबरावांना हायसं वाटलं. “मंग चाल ना. ट्रंक घे.”

नत्थुजीनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

“डोळे चांगले असतीन तर मले कोनीबी ठेवन,” तो म्हणाला. “मंग तुमच्याकडे काहून येऊ?”

आवाजात राग नव्हता. त्यानं आतून पाण्याचा तांब्या आणून पंजाबरावांपुढे ठेवला, अकोल्याची बस किती वाजता निघते ते सांगितलं, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.