परतीचा डगला

मी एक जुना डगला आहे. गुडघ्यापर्यंत लांब, मातकट रंगाचा, दोन्ही कोपरांवर विरलेला. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझी कीव करायची नाही. जुनी वस्तू आपली गोष्ट सांगू लागली की ऐकणारे लगेच ‘अरेरे’ म्हणतात. ते मला मुळीच खपत नाही. मी जन्मलो तेव्हाच जुना होतो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

हे कसे, ते ऐका. एका स्टुडिओत एका अद्भुत मालिकेचे काम चालू होते. तिची गोष्ट अशी. एक जादूगार एका गावाची नदी चोरतो आणि बाटलीत भरून घेऊन जातो. गावातला एक तरुण ती परत आणायला निघतो. तो डोंगर ओलांडतो, राक्षसांशी झुंजतो, जादूगाराला हरवतो, आणि शेवटच्या भागात नदीची बाटली कमरेला बांधून चालत चालत घरी येतो. मालिकाभर त्याच्या अंगात एकच डगला दिसतो. खरे तर आम्ही चौघे भाऊ होतो. थोरला निघतानाचा, कोरा करकरीत. दुसरा प्रवासाचा, धुळीने माखलेला. तिसरा लढाईचा. आणि शेंडेफळ मी, परतीचा.

आम्हाला शिवले मावशीने. ती कपड्यांच्या खात्याची मुख्य होती आणि सगळा स्टुडिओ तिला मावशीच म्हणायचा. तिच्याच हाताखाली तिचा धाकटा भाऊ होता. तो ओघानेच सगळ्यांचा मामा झाला. मामाचे काम जगावेगळे होते. नवे कपडे जुने करायचे! ‘बहीण शिवणार आणि भाऊ वाट लावणार,’ असे लोक त्यांना चिडवत.

मामाने माझी कोपरे कानशीने घासली. मला चहाच्या पाण्यात बुडवले. माझ्या खिशांत दगड भरून मला ओलाच टांगून ठेवले, म्हणजे खिसे खाली लोंबावेत. शेवटी त्याने मेणबत्तीने माझा डावा खांदा जाळला आणि तिथे वीतभर फाडले. तो जादूगाराच्या विजेचा घाव होता. मावशी दारातच थबकली.

“अक्का, तू बाहेर जाऊन चहा पी बघू,” मामा म्हणाला. “तुझ्याच्याने हे बघवणार नाही.”

“हाताला काही वाटतं का रे तुझ्या?” म्हणत ती खरोखरच निघून गेली. मला मात्र त्या फाटक्या खांद्याचा जराही राग आला नाही. थोरल्याला कोरेपण मिळाले होते. मला एक अख्खा प्रवास मिळाला होता.

मित्रांनो, मालिकेत प्रसंग जसे दिसतात त्याच क्रमाने ते घेतले जात नाहीत. गावाचा सेट मोडून तिथे राक्षसाची गुहा उभी करायची होती, म्हणून घरी येण्याचा प्रसंग सर्वांत आधी घ्यायचे ठरले. आधी कळस, मग पाया! नायक अजून घरातून निघालाही नव्हता आणि त्याला परत यायचे होते. म्हणजे सगळ्या भावांच्या आधी माझा नंबर.

पण निर्मात्याला परतीची वाट म्हटली की जांभया यायच्या. “लढाई संपली की लोक उठतात,” तो म्हणायचा. “चालणं काय बघायचं? उडता घोडा आणा आणि सोडा त्याला दारात.” दिग्दर्शक हट्टी होता, त्याने चालणे सोडले नाही. तेव्हा निर्मात्याचा डोळा माझ्यावर गेला.

“जिंकून आलेला माणूस असा भिकाऱ्यासारखा येणार?” असे म्हणून त्याने दुसरीकडून एक डगला शिवून आणला. जांभळी मखमल, सोनेरी जर, गळ्यापासून पायापर्यंत चकाकती बटणे. त्याला माझ्याच शेजारी टांगले.

“साहेब, तो घरी चाललाय,” मावशी म्हणाली. “लग्नाला नाही.”

निर्मात्याने नाक मुरडले. “आज घ्या तुमच्या मनासारखं. पण एक जरी चूक झाली ना, तर जरीचाच डगला येईल. मग मला कोणी काही सांगायचं नाही.”

झाले! त्या दिवशी सगळे पणाला लागले. नायक घरी येणार तो मला घालून, की त्या चकचकीत पाहुण्याला घालून? तो पाहुणा एक पाऊलही चाललेला नव्हता. त्याने नायकाच्या आईसमोर उभे राहावे, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

सकाळी वेशीवरचा प्रसंग झाला. नायकाने मला घातले आणि तो कोरड्या नदीच्या काठाने गावाकडे चालत आला. मापाला घालून बघताना ‘हा फार टोचतो’ अशी कुरकुर करणारा तो पोरगा त्या दिवशी गप्प होता. वारा माझ्या फाटक्या खांद्यातून आत शिरत होता. दिग्दर्शकाने मान डोलावली. मग जेवणाची सुट्टी झाली. नंतरचा प्रसंग दारातला होता.

मावशी मला मांडीवर घेऊन एका खोक्यावर बसली. शेजारी नायकाच्या आईचे काम करणारी म्हातारी नटी होती. दोघींच्या गुडघेदुखीच्या गप्पा रंगल्या. आता मावशीचा हात म्हणजे बसल्या जागी गप्प न राहणारा हात. सुई तिच्या पदराला नेहमीच खोचलेली असायची. बोलता बोलता सुईत दोरा गेला, बोलता बोलता माझा खांदा जवळ ओढला गेला, आणि मी मनात ‘अगं मावशी, थांब!’ म्हणेपर्यंत लोंबणारे धागे कात्रीने साफ होऊन माझ्या घावावर रफू झालेही. डगल्याला तोंड कुठे असते?

“अक्का!” मामा किंचाळला. “अगं, काय करून बसलीस!”

मावशीने मांडीकडे पाहिले. “हात आपोआप गेला रे,” ती म्हणाली.

सकाळी वेशीवर फाटका आणि दुपारी दारात शिवलेला! उसवून उपयोग नव्हता. धागे कापले गेले होते, फाटण्याचा आकारच बदलला होता. निर्मात्याच्या हे पथ्यावरच पडले. त्याने जरीचा डगला हँगरवरून काढला आणि नायकाच्या हातात दिला. नायकाने एक बाही चढवली.

दिग्दर्शक मला उलटसुलट करून बघत होता. “वाटेत शिंपी भेटला म्हणू का? कोणी शिवला हा?”

“मी,” नायक म्हणाला.

“तू?”

“मी म्हणजे तो.” नायकाने बाही काढून टाकली. “लहानपणी पडलो ना, की मी नळावर गुडघा धुऊन मगच घरात जायचो. आई ओरडेल म्हणून नाही. घाबरेल म्हणून. हा एवढं लढून आलाय. असा जळका खांदा घेऊन आईसमोर जाईल का? दार दिसलं की आधी कुठेतरी टेकेल आणि शिवून घेईल.”

“बटणं वाया जातील माझी,” निर्माता पुटपुटला. पण दिग्दर्शकाने कॅमेरा नदीच्या काठी हलवायला सांगितला होता.

तेवढ्यात मावशी उठली. “मग हे रफू चालायचं नाही,” ती म्हणाली. “हे माझ्या हाताचं आहे. त्याच्या हाताचं हवं.” तिने स्वतःचे रफू स्वतः उसवले. ज्या बाईने आयुष्यात कधी चांगली टीप उसवली नव्हती, तिने एकेक धागा काढला. मग सुईत दोरा ओवून तिने सुई नायकापुढे धरली. “घे. मी शिकवणार नाही.”

नायक कोरड्या नदीकाठच्या दगडावर बसला आणि मला शिवू लागला. दोऱ्याचा गुंता झाला. सुई दोनदा बोटात घुसली. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. मावशीने भावाचे मनगट घट्ट धरून ठेवले होते, नाहीतर ती मध्येच धावली असती. मित्रांनो, ते टाके घालताना मला दुखले. पण त्या क्षणी मी पहिल्यांदा कुणाचा तरी झालो.

मग दार. म्हाताऱ्या नटीला अर्धे पान संवाद होते. ती पुढे आली, तिने लेकाला जवळ घेतले, आणि तिचा हात माझ्या खांद्यावर येऊन थांबला. बोटे त्या वाकड्या टाक्यांवरून फिरली.

“कुणी शिवला?” तिने विचारले. हे वाक्य कागदावर कुठेच नव्हते.

“मीच.”

“दिसतंय,” ती म्हणाली.

बाकीचे अर्धे पान तिने म्हटलेच नाही, आणि कोणी मागितलेही नाही. मामा डोळे पुसत होता. “चुलीचा धूर गेला,” असे तो सांगत सुटला. सेटवरची चूल पुठ्ठ्याची होती.

निर्मात्याने आपला हट्ट मात्र पोस्टरवर पुरा केला. तिथे नायक जरीच्या डगल्यात छाती काढून उभा राहिला. पुढे तो डगला स्टुडिओच्या दारात काचेच्या कपाटात गेला. सगळे त्याच्याबरोबर फोटो काढत. एकाही प्रसंगात तो नव्हता, हे कुणाच्या गावीही नव्हते!

आणि मी? मी गोदामात. वर्षे गेली. कसर लागली, उंदरांनी एक खिसा पळवला. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ‘मी चालून आलोय,’ असे मी त्या अंधारात स्वतःला बजावत राहिलो. मग एक दिवस गोदाम रिकामे करायचा हुकूम आला आणि कुणीतरी मला फरशी पुसायला बादलीपाशी टाकले.

त्याच दिवशी, काम सोडून बरीच वर्षे झालेली मावशी आपली जुनी कात्री न्यायला आली. तिने मला पाहिले. तिने मला झटकले, अंगात घातले आणि तडक पुढच्या दाराने निघाली. काचेतला जरीवाला बघतच राहिला.

“मावशी, सामान न्यायला परवानगी लागते,” पहारेकरी आडवा आला.

“अंगातला कपडा सामान कधीपासून झाला रे?”

“पण हा तुमचाच आहे कशावरून?”

“मीच शिवलाय,” मावशी म्हणाली आणि चालू लागली. भर रस्त्यातून मला घालून ती घरापर्यंत चालत गेली. तेव्हा कुठे माझी परतीची वाट संपली.

आता थंडीत मला मामा घालतो. मावशीने माझी कोपरे सांधली, नवा खिसा लावला, कसरीची भोके बुजवली. परवा मामा म्हणाला, “अक्का, तेवढा खांदाही नीट रफू कर की. ते वाकडे टाके डोळ्यात खुपतात.”

मावशीच्या हातात सुई होती. तिने माझ्या खांद्यावर बोट फिरवले, सुई रिळात खोचली आणि म्हणाली, “खुपू दे.”

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठेतरी माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला फेकू नका आणि काचेतही ठेवू नका. शिवा, आणि अंगात घाला. तुमच्या हाताने वाकडे येईल, येऊ द्या. कोणी नाक मुरडलेच, तर मावशीचे उत्तर पाठ आहेच तुम्हाला.