धाकटीची टीम

“मावशी, मला ताईच्या टीममध्ये टाकू नका.”

मुलगी टेबलाशी वाकून बुटाची नाडी बांधत होती. त्यामुळे हे आपल्याला सांगितलं जातंय हे मावशींना आधी कळलंच नाही. हॉलमध्ये कान किटतील असा गोंगाट होता. मुलींच्या पाठीवर नंबराचे कागद टाचलेले, बूट फरशीवर चुईचुई करत होते, आणि तिन्ही कोच हातात पॅड घेऊन ड्रिबल, पास, बास्केट अशा तीन कोपऱ्यांत उभे होते. लीगच्या ट्रायलचा दिवस म्हणजे मावशींच्या डोक्याला वर्षातला सगळ्यात मोठा ताप.

“काय म्हणालीस? मोठ्याने बोल.”

मुलीने वर पाहिलं, मग मागे वळून बहीण लांब आहे याची खात्री केली. “मोठ्याने नाही बोलता येणार,” ती म्हणाली. “ती ऐकेल.”

ती म्हणजे थोरली. दोघी जुळ्या, पण दिसायला अजिबात सारख्या नव्हत्या. थोरली काही मिनिटांनी आधी जन्मली आणि तेवढ्यावर घरात तिची ताई झाली. आत्ता ती बास्केटच्या कोपऱ्यात होती आणि तिच्या हातून चेंडू असा सुटत होता की तिथले कोच, गणिताचे सर, लिहायचं सोडून बघत राहिले होते. धाकटीचा नंबर होऊन गेला होता. ड्रिबल करताना चेंडू तिच्याच पायाला लागून पार बाकाखाली गेला होता. तो काढायला ती पालथी पडली होती, आणि तिथूनच रांगेतल्या पुढच्या मुलीला ओरडून सांगत होती, “अगं, खाली नको बघूस! समोर बघ, समोर!”

“भांडण झालंय का दोघींचं?” मावशींनी विचारलं.

“छे. भांडण कशाला?” मुलीने दुसऱ्या बुटाची, आधीच बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. “नुसतं वेगळं टाका.” आणि ती पळून गेली.

मावशी एरवी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसत. लीगच्या त्या मावशी झाल्या त्याचं कारण त्यांची मोठी बहीण. ती तरुणपणी नावाजलेली खेळाडू होती, पुढे तिनेच ही मुलांची लीग सुरू केली. तिला सगळे बाई म्हणत, मग बाईंची बहीण आपोआप मावशी. बाई मैदानावर, मावशी टेबलावर, अशी वर्षानुवर्षं वाटणी होती. दोन वर्षांपूर्वी बाई आजारपणात गेल्या, तेव्हा लोक दवाखान्याच्या खिडकीशी येऊन हळहळत आणि जाता जाता विचारत, “मग आता लीगचं काय?” मावशी डोळे पुसत आणि सांगत, “नोंदणी नेहमीसारखीच सुरू होईल. मुलीचा जन्माचा दाखला तेवढा आणा.”

काम दिसायला सोपं, करायला किचकट. आधी नोंदणी, मग जन्मतारखेप्रमाणे वयोगट, मग ट्रायल. ट्रायलमध्ये प्रत्येक कोच प्रत्येक मुलीला गुण देतो. पुढच्या रविवारी तिन्ही कोच एकत्र बसून पाळीपाळीने मुली निवडतात. पहिल्या फेरीत ज्याची पाळी पहिली, दुसऱ्या फेरीत त्याची शेवटची, म्हणजे सगळ्या चांगल्या मुली एकाच्याच पदरात पडत नाहीत. आणि एकाच वयोगटातल्या बहिणी असल्या तर त्या एकत्रच जातात; जो एकीला घेईल त्याला दुसरीही घ्यावीच लागते. हा नियम बाईंनीच केला होता. आईवडिलांनी लेखी सांगितलं तरच तो मोडायचा.

मुलीने सांगितलं तर काय करायचं, हे बाईंनी कधी ठरवलंच नव्हतं.

*

जुळ्यांची आई नर्स होती. मावशींनी फोन केला तेव्हा “ड्युटी संपली की तिकडूनच जाते मी, येते,” म्हणाली, आणि संध्याकाळी खरंच दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहिली. गणवेशावर स्वेटर, खांद्यावर भाजीची पिशवी.

“पैसे भरायचे राहिलेत का?”

“नाही हो, तसलं काही नाही. बसा ना.” मावशींनी आत बघितलं. डॉक्टर कुणाचा तरी दात पोखरण्यात गुंग होते. “तुमच्या धाकटीला वेगळ्या टीममध्ये खेळायचंय.”

नर्स बसली, पण बाकाच्या अगदी कडेला. “कोण म्हणालं?”

“तीच.”

“तिला काय कळतंय! दहा वर्षांची पोर ती.” ती हसली, पण हसू टिकलं नाही. “मावशी, स्पष्टच सांगते. माझ्या शिफ्ट तुम्हाला माहीत नाहीत. यांची नोकरी बाहेरगावी. एका टीमची प्रॅक्टिस सोमवारी, दुसरीची गुरुवारी. कोण ने-आण करणार? एकीला आणायचं नि दुसरीला सोडायचं, माझे काय चार हात आहेत? आणि समजा केलं वेगळं. मोठीला सगळे डोक्यावर घेतील आणि ही कुठेतरी शेवटी उरेल. आत्ता निदान मोठी तिला सांभाळून घेते.”

“हो, घेते खरी.”

“मग? बहिणी एकत्र, असा नियमच आहे ना तुमचा?”

“आहे.”

“झालं तर मग.” नर्स उठली.

मावशी इथे थांबल्या असत्या तर कुणी त्यांना बोल लावला नसता. नियम बाईंचा, सही आईची. पण त्या म्हणाल्या, “मीसुद्धा एक वर्ष खेळलेय. बहिणीच्या टीममध्ये.”

“तुम्ही?” नर्सने त्यांच्याकडे नीट बघितलं. इतक्या वेळा हॉलवर येऊनही मावशींच्या हातात चेंडू तिने पाहिला नव्हता.

“लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, काय नशीब आहे पोरीचं, अशी बहीण टीममध्ये! आणि होतंच ते. माझ्या हातात चेंडू आला की ती धावत यायची. मी घाबरू नये म्हणून. मग मी तो तिला द्यायचे. वर्षभर एकदाही मी बास्केटकडे टाकून बघितला नाही हो. पुढच्या वर्षी स्कोअर लिहायला बसले, ती आजतागायत.”

“मग बहिणीला का नाही सांगितलंत?”

“ती इतक्या प्रेमाने करत होती सगळं. तोंड उघडायला जमलंच नाही. तुमची पोर माझ्याहून धीट निघाली.”

आतून डॉक्टरांनी हाक मारली, “पुढचा पेशंट पाठवा.” नर्सने पिशवी उचलली. “उशीर होतोय मला,” एवढंच बोलून ती गेली. मावशी रात्रभर स्वतःवर चरफडत राहिल्या. आपण कोण, कुणाच्या घरात नाक खुपसणाऱ्या?

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला.

“वेणी घालताना विचारलं मी तिला,” नर्स म्हणाली. “म्हटलं, ताई तुला त्रास देते का? तर म्हणते, नाही, ताई फार चांगली आहे. मी चुकले की ती लगेच सावरून घेते. मग मी खेळले काय, न खेळले काय, कळतच नाही कुणाला. मावशी, मी हातात कंगवा धरून तशीच उभी.” मग ती मुद्द्यावर आली. “लिहून देते मी. पण प्रॅक्टिस एकाच दिवशी, एकाच वेळी पाहिजे. तेवढं जमवा. त्याच्यापुढे माझा इलाज नाही.”

*

तेवढं जमवणं म्हणजेच सगळं होतं. हॉल एक, टीम तीन. त्यामुळे दोन टीमना एकाच वेळी अर्धा अर्धा हॉल वाटून घ्यावा लागणार होता, आणि आजवर त्याला कुणी तयार झालेलं नव्हतं.

रविवारी निवडीला तिघे कोच बसले: गणिताचे सर, ड्रायव्हिंग स्कूलवाले काका, आणि पोस्टात काम करणारी एक तरुण मुलगी, जी स्वतः लहानपणी याच लीगमध्ये खेळली होती. मावशींनी आधी जुळ्यांचं सांगितलं, मग हॉलचं.

“अर्धा हॉल? शक्य नाही,” सर म्हणाले. “समोरच्या टीमला आमचे सगळे डावपेच दिसतील.”

“अहो सर,” काका म्हणाले, “दहा वर्षांच्या पोरी आहेत. त्यांचे डावपेच त्यांना स्वतःला तरी दिसतात का?”

पोस्टातली मुलगी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. सरांनाही हसू आलं, पण ते चष्म्याआड लपवून म्हणाले, “बाई असत्या तर त्यांनी नियम मोडला नसता.”

मावशींनी समोरचे कागद उगाच सारखे केले. मग म्हणाल्या, “नसता मोडला. बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं ना. मला सांगितलंय, आता मी ऐकलं नाही असं कसं करू?”

सरांनी बराच वेळ छताकडे बघितलं. “निम्मा हॉल,” ते शेवटी म्हणाले, “पण खिडकीकडचा मला. दुसरीकडे ऊन डोळ्यावर येतं.”

निवड सुरू झाली. पहिली पाळी सरांची. त्यांनी श्वासही न घेता थोरलीचं नाव घेतलं. मग नावं भराभर गळायला लागली. शेवटी उरलेली मुलगी आपोआप ज्याची पाळी उरेल त्याच्याकडे जाते, आणि ही गोष्ट कशी कोण जाणे, मुलींना दुसऱ्या दिवशी कळलेली असते. धाकटीचे गुण तिन्ही पॅडवर सगळ्यात कमी होते. पण अजून बऱ्याच मुली शिल्लक असताना काकांनी पाय लांब केले नि विचारलं, “ती बाकाखालून ओरडत होती ती कोण हो?”

“तीच. जुळ्यांतली धाकटी.”

“मला द्या तिला.”

“काका, गुण बघितलेत का?” पोस्टातल्या मुलीने विचारलं.

“बघितले ना. गाडी चालवायला शिकवतो मी. हात पाय कसे टाकायचे ते कुणालाही शिकवता येतं. पण ‘समोर बघ’ हे स्वतः बाकाखाली पडलेली पोर दुसरीला सांगते, ते मला वीस धड्यांत शिकवता येत नाही. लिहा तिचं नाव.”

*

याद्या लागल्या त्या दिवशी धाकटी उड्या मारत आली. थोरली मात्र बोर्डाशी उभीच राहिली. मग टेबलाशी येऊन म्हणाली, “मावशी, चूक झालीय. आम्ही दोघी बहिणी आहोत.”

“चूक नाही गं बाळा.”

थोरलीचा चेहरा पडला. “तिनेच सांगितलं ना?” मावशींनी खोटं बोलायचं टाळलं आणि नुसती मान हलवली. “मी काय केलं तिला?”

“काही नाही केलंस. म्हणूनच तर तिला सांगणं जड गेलं. तिला स्वतः चुकून बघायचंय.”

“ती खूप चुकेल.”

“चुकू दे की.”

पहिले काही आठवडे थोरलीला ते जमलं नाही. खिडकीकडच्या अर्ध्यातून तिचं सगळं लक्ष पलीकडे. धाकटीच्या हातून चेंडू निसटला की तिचे पाय आपोआप तिकडे वळायचे, आणि सर “आपल्या बाजूला बघा!” म्हणून ओरडायचे. पलीकडे धाकटी पडत होती, गुडघे फोडून घेत होती, आणि सतत बोलत होती. डावीकडे जा, परत ये, मी आहे मागे. काकांच्या टीममधल्या इतर मुली हळूहळू तिच्या आवाजाकडे बघून खेळायला लागल्या. नर्स दोन्ही अर्ध्यांच्या मधे, भिंतीला टेकून डुलक्या काढायची.

सीझनच्या शेवटाला दोन्ही टीम समोरासमोर आल्या. नर्सने रजा टाकली होती. कुठल्या बाजूच्या बाकावर बसावं हे तिला ठरवता येईना, तेव्हा मावशींनी स्कोअरच्या टेबलाशी, बरोबर मध्यरेषेवर, तिच्यासाठी खुर्ची ओढली.

थोरली सुटली की तिला अडवणं कुणाला शक्य नव्हतं. तरी धाकटी तिच्यासमोर हात पसरून उभी राहिली, पुन्हा पुन्हा चकली, पुन्हा पुन्हा उभी राहिली. सामना संपत आला तेव्हा काकांची टीम थोडीच मागे होती. चेंडू धाकटीच्या हातात आला. समोर थोरली. धाकटीने कुणाकडेही न बघता, बास्केटकडे बघून तो टाकला. चेंडू कड्याला लागला, वर उडाला, आणि बाहेर पडला. शिट्टी वाजली.

नर्स अर्धी उठली होती. मावशींनी तिच्या हातावर हात ठेवला. “थांबा.”

थोरली धावत बहिणीपाशी गेली. “रडतेयस का?”

“नाही.” धाकटीने नाक ओढलं. ती रडतच होती, पण मान ताठ होती. “मी हरले. माझी टीम हरली.” मग मागे वळून तिने आपल्या मुलींना हाक मारली, “चला गं, रांग लावा!”

रांगा समोरासमोर आल्या. एकेक हात मिळवत थोरली धाकटीपर्यंत पोचली आणि सवयीने तिला मिठी मारायला पुढे झाली. धाकटी अर्धं पाऊल मागे सरली. तिने घामेजलेला तळवा चड्डीला नीट पुसला, आणि इतर सगळ्यांपुढे केला होता तसाच बहिणीपुढे केला.

थोरलीने तो हातात घेतला.