न आलेली मालगाडी

शालिकरामनं वाकून बाबारावांच्या मांडीवरचं पुस्तक उचललं. विचारलं नाही. बाबारावांचं बोट पानांत अडकलेलं होतं, ते त्यांनी हळूच काढून घेतलं आणि त्या जागी तेंदूच्या पानाचा तुकडा ठेवला.

निंबाखाली बिड्या वळत बसलेल्या बायकांच्या कात्र्या थांबल्या.

"शालिकराम गा," रुखमाबाई म्हणाली. अंगण तिचं होतं. "पुस्तक नेऊन काय करतं? तू प्रेमिलाच्या जागेवर बस अन् 'वाचा पुढं' म्हन. झालं."

"आधी मी वाचतो. मंग म्हनतो."

"तुले वाचाले संक्रांत जाईन, बाप्पा."

"जाऊ दे."

एरवी बायका हसल्या असत्या. कोणी हसलं नाही.

तांडापेठेतल्या त्या अंगणाचा एक नियम होता. बिड्या वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. म्हणून बाबाराव वाचत. पूर्वी ते छापखान्यात खिळे जुळवायचे, पण छातीच्या दुखण्यानं ते काम सुटलं. प्रत्येक बाई आपल्या बिड्यांतल्या थोड्या त्यांच्या सुपात टाकी, तीच त्यांची मजुरी. एखादी आली नाही, तर पुढचं वाचायचं नाही. ती येईपर्यंत जुनंच ऐकायचं, नाहीतर गाणी म्हणायची. आणि एखादी कायमचीच येणार नसली, तर तिच्या घरच्या माणसानं तिच्या जागी बसून सांगायचं, वाचा पुढं. मग गोष्ट सुटे.

शालिकरामची बायको प्रेमिला दिवाळीच्या आधी वारली. गोष्ट तिथंच अडकून होती.

शालिकराम पुस्तक बंडीच्या आत घालून घरी आला. त्याला त्या पुस्तकाचा राग होता. उन्हाळ्यात राजस्थानात अणुबॉम्बची चाचणी झाली, घरोघरी तेच बोलणं सुरू झालं, तेव्हा बाबारावांनी ते कुठून तरी आणलं होतं. तेव्हापासून प्रेमिला संध्याकाळी भाकरी थापता थापता रोज गोष्ट सांगायची. दूर कुठंतरी बॉम्ब पडतो, आभाळ राखेचं होतं, गावंच्या गावं मरतात. माळावरच्या एका लहान स्टेशनात सिग्नलवाला आणि त्याची बायको तेवढी उरतात. गाडी एकही येत नाही, तरी सिग्नलवाला रोज संध्याकाळी दिवा लावतो.

सांगताना तिचा चेहरा उजळायचा. इतवारीच्या धान्यबाजारात दिवसभर पोती वाहून त्याची पाठ सोललेली असे, आणि तिचं आपलं सुरू, बाबाराव म्हने असं झालं, बाबाराव म्हने तसं झालं.

"तुहा बाबाराव जेवते तरी का?" तो एकदा म्हणाला होता. "का पुस्तकच खाते?"

"जळून राहिले तुमी," ती म्हणाली होती आणि खळखळून हसली होती.

तो जळतच होता. आता ती नव्हती, तरी जळत होता. त्या अंगणात ती दिवसभर बसायची, बोलायची, हसायची. ते सगळं बाबारावाजवळ होतं. त्याच्याकडे संध्याकाळचं उरलेलं यायचं.

चौथीपर्यंत शिकलेला माणूस. ओळीखाली बोट ठेवून वाचू लागला. दुपारी इतवारीत, रिकाम्या पोत्यांवर बसून.

"काय बे शालिक, मॅट्रिकले बसून राहिला का?" सोबतचे हमाल म्हणायचे.

तो बोट पुढच्या ओळीखाली सरकवायचा. पुस्तक भयंकर होतं. भर दुपारी अंधार होत होता. पाखरं उडता उडता पडत होती. विहिरीचं पाणी काळं झालं होतं, आणि ते काळं आहे हे दिसूनही लोक पीत होते. एका गावात धान्याचं कोठार भरलेलं होतं आणि खायला कोणी नव्हतं. ते वाचून त्यानं मान वर केली. समोर गव्हाची थप्पी होती, हातगाड्या होत्या, माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. त्यानं डबा तसाच बांधून परत नेला.

प्रेमिलानं सांगितलेली गोष्ट इतकी काळी नव्हती. तिच्या गोष्टीत राख होती, पण चूलही पेटलेली असायची. बाबारावाच्या आवाजात गोड लागत असेल, असं त्याला वाटलं आणि तो आणखी जळला.

मग सिग्नलवाल्याची बायको मेली.

त्यानं ते पान दोनदा वाचलं. तहानेनं मेली. सिग्नलवाल्यानं तिला रुळांच्या बाजूला पुरलं आणि संध्याकाळी दिवा लावला. शालिकरामनं तेंदूच्या पानाची खूण पाहिली. ती खूप पुढं होती. म्हणजे हे अंगणात वाचून झालं होतं. प्रेमिलानं ऐकलं होतं.

पण प्रेमिलाच्या गोष्टीत ती बाई मेली नव्हती. तिनं रुळांच्या कडेला तूर पेरली होती. तिला एक बकरी सापडली होती. शेवटी शेवटी, सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर प्रेमिलाला धड बोलता येत नव्हतं, तेव्हा तिनं त्याला सांगितलं होतं की पहाटे मालगाडी आली. पाण्यानं भरलेली. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, वहिनी, च्या मिळन का?

शालिकरामनं उरलेलं पुस्तक वाचून काढलं. शेवटपर्यंत. मालगाडी कुठंच नव्हती. मग त्यानं पहिल्या पानापासून नुसतं बोट फिरवत शोधलं. तूर नव्हती. बकरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो बाबारावांच्या खोलीवर गेला. ते खोकत बसले होते.

"सिग्नलवाल्याची बायको मरते, ते तुमी वाचलं तवा प्रेमिला होती?"

"होती ना." बाबारावांनी श्वास घेतला. "लई रडली त्या दिवशी. सूप बाजूले ठेवलं. मी म्हनलं, बाई, थांबू का? तर म्हने, नाई, वाचा. श्रावन लागला होता."

श्रावण. त्याच महिन्यात ती पहिल्यांदा दवाखान्यात गेली होती. एकटीच.

"त्या दिवशी मंग माह्यानंही वाचवेना," बाबाराव म्हणाले. "अजूनही ते पान आलं का तिचं तोंड दिसते."

शालिकरामच्या हाताची मूठ वळली. तिचं रडणं या माणसानं पाहिलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्यासमोर कधी रडली नव्हती. त्या दिवशी ती घरी आली, तेव्हा तिचे डोळे लाल होते. डोळ्यात तंबाखू गेली, असं ती म्हणाली. त्यानं तिचं तोंड हातात धरून फुंकर मारली होती. मग ती चुलीजवळ बसली आणि म्हणाली, आज काय झालं मालूम? त्या बाईले रुळाच्या कडेले अंबाडी सापडली.

त्या रात्री दोघांनी अंबाडीचीच भाजी खाल्ली होती.

मूठ सुटली.

"उद्या येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. तो अंगणात गेला आणि प्रेमिलाच्या तरटावर बसला. तिचं सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, ते त्यानं मांडीवर घेतलं. रुखमाबाईनं त्यात थोडी पानं आणि एक कात्री टाकली. पुस्तक बाबारावांना दिलं.

"वाचलं सारं?" रुखमाबाईनं विचारलं.

"वाचलं."

"प्रेमिला घरी सांगे का रे काही याच्यातलं?"

सगळ्या बायका त्याच्याकडे पाहत होत्या. बाबारावही. चष्मा सावरत ते थोडे पुढं वाकले होते.

"नाई," शालिकराम म्हणाला. "थकून ये. जेवली का झोपे." मग तो बाबारावांकडे वळला. "वाचा पुढं."

बाबाराव वाचू लागले. कात्र्या चालू झाल्या. सिग्नलवाल्याचं तेल संपलं. त्यानं घरातलं दार मोडून जाळलं, मग खाट. शेवटच्या संध्याकाळी त्याच्याकडे जाळायला काही उरलं नाही, तरी तो खांबावर चढला आणि विझलेला दिवा हातात धरून रुळांकडे पाहत बसला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

"संपलं," बाबाराव म्हणाले.

रुखमाबाईनं नाक शिंकरलं.

"कसं मेलं पुस्तक वं! लिहिनाऱ्यानं एक गाडी तर आनाची होती शेवटी. काय जात होतं त्याचं?"

शालिकरामनं मान वर केली. तोंड उघडलं.

"काय म्हनतं?" बाबारावांनी विचारलं.

त्यानं सुपातलं एक पान उचललं, कात्रीनं त्याच्या कडा छाटल्या. वाकडंच कापलं गेलं.

"काही नाई," तो म्हणाला. "तंबाखू सरकवा इकडं."