सर्वेशचं बटण

सुमंगला परब अंगणवाडीत चित्रं दाखवून मुलांना शब्द शिकवायची. त्यामुळे नवऱ्यासाठी मोबाइलवर अॅप करायचं ठरवलं तेव्हा तिला चित्रांचीच बटणं सुचली. शिवदासने गोव्यातल्या पाळी गावच्या खाणीवर वीस वर्षं ट्रक चालवला होता. अर्धांगाच्या झटक्यात त्याचा उजवा हात गेला, वाचा गेली, अक्षरंही ओळखू येईनाशी झाली.

शेजारची गौरवी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. दर रविवारी येऊन ती एका फुकट वेबसाइटवर ठोकळ्याला ठोकळा जोडून अॅप कसं करायचं ते दाखवायची. ‘बटण दाबलं की’ हा एक ठोकळा, ‘आवाज वाजव’ हा दुसरा. पाणी, चहा, पंखा, दुखतंय, असे शब्द सुमंगलाने स्वतःच्याच आवाजात भरले. पहिल्या दिवशी शिवदासने डाव्या हाताने पंखा दाबला, तर मोबाइल म्हणाला, “पाणी.” चहा दाबला तरी “पाणी.”

“काकी, बटण कॉपी केलंस, पण आवाज बदलूक इसारलंस,” गौरवी म्हणाली.

शिवदास हसला. तोंड वाकडं झालं होतं, पण हसला.

चुका सुधारल्या. महिनाभर बरं चाललं. मग एके सकाळी तो एकेका चित्रावरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेला आणि मोबाइल बाजूला ढकलून दिला. परत घेतला, परत ढकलला.

“तुमका काय व्हया?” सुमंगलाने विचारलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

मोबाइलमध्ये कोणाचं चित्र नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. सर्वेशने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, तीन वर्षांपूर्वी घरी न सांगता अंकिताशी लग्न नोंदवलं होतं. “माझो झिल मेलो,” माझा मुलगा मेला, असं शिवदास तेव्हा त्याच्या तोंडावर म्हणाला होता. सर्वेश पेडण्यात राहत होता, मोटारसायकलने तासाभराच्या वाटेवर. बाप बेशुद्ध असताना तो इस्पितळात येऊन पाहून गेला, पण घरी पाऊल टाकलं नाही.

तिने गौरवीची वाट पाहिली नाही. दुपारभर एकटीने खटपट करून मुलाच्या फोटोचं बटण केलं. शिवदासने ते दाबलं. “सर्वेश.” पुन्हा दाबलं. संध्याकाळपर्यंत दाबत राहिला.

तिने व्हिडिओ काढून सर्वेशला पाठवला, मग फोन केला.

“आई, ह्यो तर तुझो आवाज,” सर्वेश म्हणाला. “तूच बोलतंस. बाबा माझा नाव घेवचे नाय.”

“आवाज माझो रे. बोट त्यांचा.”

“बोट काय, कोणाच्याय फोटोर पडात.”

तिने फोन ठेवला. शिवदास दाराकडे बघत होता. “कामात आसा. येतलो,” ती म्हणाली. लग्नानंतर त्याच्याशी इतकं सरळ खोटं ती पहिल्यांदाच बोलली होती.

अकरा दिवसांनी दुसरा झटका आला. इस्पितळात नेईपर्यंतही तो राहिला नाही.

सर्वेश आणि अंकिता आली. सगळं सर्वेशनेच केलं. तिसऱ्या दिवशी माणसं पांगल्यावर त्याने आईकडे तो मोबाइल मागितला. स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं. “सर्वेश,” मोबाइल आईच्या आवाजात म्हणाला.

“बाबा दिवसाक किती वेळा दाबीत?”

“मोबाइलाक मोजूक लावचा कसा, ता माका येना नाय. तितक्या शिकाक नाय मी.”

“तरी?”

सर्वेशला बरं वाटेल असं काही खोटं सुमंगलाला सांगता आलं असतं. “पाण्याच्या आधी तुझाच दाबीत,” ती म्हणाली. “मगे पाणी.”

सर्वेशने मान खाली घातली. अंकिता आतून येऊन त्याच्यापाशी बसली. मग त्याने आईला विचारलं, “ह्या बटण माझ्या मोबाइलार घालून देशीत?”

तिला ते येत नव्हतं. गौरवी रविवारी येणार होती. तो रविवारपर्यंत राहिला.