पाचव्या चंद्रावरचं दार

चष्मेवाल्याच्या दुकानाचं कुलूप अडायचं. चावी फिरायची, पण अर्ध्यावर जाऊन रुसायची. मग गुडघ्याने शटर दाबायचं, चावी किंचित वर उचलायची, दोन शिव्या हासडायच्या, तेव्हा कुठे ते उघडायचं. शेजारचे म्हणायचे, "अहो, एखाद्या चावीवाल्याला दाखवा की." यावर तो "बघू" म्हणायचा आणि विषय बदलायचा. चावीवाले काय, पैशाला पासरी होते. पण त्याच्या लेखी चावीवाला एकच होता, आणि त्याच्याशी याचं बोलणं बंद होतं.

का बंद होतं, हे ऐकाल तर हसाल. हसून घ्या बापडे, पण आधी ऐका.

फार वर्षांपूर्वी टीव्हीवर 'पाचवा चंद्र' नावाची मालिका लागायची. पुठ्ठ्याचं यान, इस्त्रीच्या तारेएवढ्या जाड वायरी, आणि खांद्यावर चंदेरी पट्टा लावलेली कप्तानबाई. आजच्या पोरांना दाखवाल तर खो खो हसतील. पण तेव्हा चष्मेवाला आणि चावीवाला, दोघेही नुकते मिसरूड फुटलेले, त्या मालिकेसाठी जीव टाकायचे. मालिका एकदाच दाखवली गेली, तीही मोजक्याच घरांत टीव्ही असताना; चावीवाला तर ती चष्मेवाल्याच्या घरी कॅसेटवरच बघायचा. पुढे केंद्रातल्या कोणा शहाण्याने त्याच पट्ट्यांवर दुसरं काहीबाही चित्रित केलं आणि मूळ मालिका पुसली गेली ती गेलीच. उरल्या त्या फक्त चष्मेवाल्याच्या घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी. त्यांच्या नकला, नकलांच्या नकला असं करत करत जगात जिथे जिथे म्हणून 'पाचवा चंद्र'चे वेडे होते, तिथे तिथे त्या पोचल्या.

शेवटच्या भागात कप्तानबाई पाचव्या चंद्रावर परत येते. जुन्या भांडणात तिने आपल्या सारथ्याला, म्हणजे यान चालवणाऱ्या जोडीदाराला, तिथेच सोडलेलं असतं. ती त्याच्या लोखंडी दाराशी उभी राहते, तीनदा ठोकते, आणि पडदा काळा होतो. संपलं. दार उघडलं की नाही, कोणी सांगत नाही.

त्या काळ्या पडद्यावर या लोकांनी काय काय म्हणून उभं केलं होतं! चष्मेवाल्याच्या दुकानामागे भिंगं घासायच्या खोलीत दर सुट्टीच्या दिवशी दुपारी मंडळ भरायचं. शेवटचा भाग दाखवला की पडदा तसाच काळा ठेवायचा, दिवे लावायचे नाहीत, आणि मिनिटभर कोणी चकार शब्द काढायचा नाही. याला ते 'अंधार पाळणं' म्हणायचे. देवळात वागणार नाहीत इतक्या शिस्तीने पाळायचे.

अशाच एका अंधारानंतर चावीवाला म्हणाला होता, "मला वाटतं, उघडलं असणार."

"नाही उघडलं," चष्मेवाला म्हणाला. "तीच तर गंमत आहे. तिने ठोकलं, तिचं काम संपलं. पुढचं तिच्या हातात नाही."

"अरे, त्या दाराला बिजागऱ्या आहेत. जे उघडतच नाही त्याला भिंत म्हणतात."

"तुला कुलुपांपलीकडे काही दिसतच नाही."

"आणि तुला काचांपलीकडे."

शब्दाने शब्द वाढला. दोघे लहानपणापासूनचे मित्र, एकमेकांच्या ताटात जेवलेले, पण त्या दिवशी चावीवाला जो उठून गेला तो पुन्हा फिरकला नाही. आधी त्याने बोलवावं, आधी त्याने यावं, असं करता करता दोघांचेही केस पांढरे झाले.

आणि आता नवा 'पाचवा चंद्र' आला होता. खरंखुरं वाटणारं यान, नाजूकसाजूक नव्हे तर चांगली तगडी कप्तान, डोळे दिपतील असे तारे. मंडळाने सगळे भाग नाकं मुरडत, पण एकही न चुकवता पाहिले. आज शेवटचा होता. चष्मेवाल्याच्या उजवीकडे गणिताच्या बाई, डावीकडे बसचा ड्रायव्हर, मागे आणखी दोनचार नेहमीची डोकी.

कप्तान दाराशी आली. तीनदा ठोकलं. पडदा काळा झाला. मंडळाने श्वास रोखला, आणि तेवढ्यात उजेड झाला. दार उघडलं! सारथी धावत बाहेर आला, तिला मिठी मारली, दोघं रडली, आणि मागे शंभर व्हायोलिनं एकदम किंचाळली.

"हा काय चावटपणा आहे?" गणिताच्या बाई उभ्याच राहिल्या.

"यांच्या बापाने काढली होती का मालिका?" ड्रायव्हरने हातातली शेंगांची पुडी आपटली. "दार उघडलं! मिठी काय मारतात! आता लग्नच लावून द्या म्हणावं!"

नव्या मालिकेच्या दिग्दर्शिकेने मुलाखतीत सांगितलं होतं, की जुन्या लेखकाच्या घरच्यांकडून मिळालेल्या संहितेप्रमाणेच शेवट केला आहे. "संहितेचं काय घेऊन बसलात," बाई म्हणाल्या, "आपण डोळ्यांनी पाहिलंय." मग ठरलं, की पुढच्या सुट्टीला भिंगकाकांनी (मंडळात चष्मेवाल्याला भिंगकाका म्हणत) मूळ कॅसेट हातात धरून निषेध नोंदवायचा, ड्रायव्हरने ते सगळं मोबाइलवर टिपायचं, आणि जगभरच्या चाहत्यांना पाठवायचं. कॅसेट भिंगकाकांची, तेव्हा शब्दही भिंगकाकांचाच.

चष्मेवाला हो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याची छाती जरा फुगलीच. बघा म्हणावं, दार बंदच होतं. मनातल्या मनात तो हे कोणाला सांगत होता, ते त्यालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून तो ताईकडे गेला. ताई त्याच्याहून चार पावसाळे मोठी, शाळेतल्या वाचनालयातून निवृत्त झालेली, आता गॅलरीत कुंड्या आणि घरात दोन मांजरं बाळगून होती. तिने चहा हातात दिला, आणि तो पहिला घोट घ्यायच्या आत म्हणाली, "पाहिला हो तुमचा शेवटचा भाग. मला बाई आवडला. फक्त ती रडारड नको होती. जुन्यात तो सारथी नुसता उभा होता."

चष्मेवाल्याने कप खाली ठेवला. "कुठे उभा होता?"

"दारात."

"कुठल्या दारात?"

ताईच्या लक्षात आलं, की आपण बोलू नये ते बोलून बसलो. तिने मांजराला उगाच मांडीवर ओढलं. पण आता सुटका नव्हती.

"तू तेव्हा काचा घासायच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला होतास," ती म्हणाली. "मला बजावून गेला होतास, जाहिराती रेकॉर्ड करू नकोस, पट्टी वाया जाते. तिने दार ठोकलं, पडदा काळा झाला. म्हटलं, संपलं. मी बटण दाबून बंद केलं. आणि काय! बराच वेळ काळं राहून पुन्हा चित्र आलं. दार उघडलं. मी अशी गुंगले, की रेकॉर्ड करायचं राहूनच गेलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होते. घाबरत घाबरत बसले होते, आता हा घर डोक्यावर घेणार. पण तू पाहिलंस आणि डोळे पुसत बाहेर आलास. 'ताई, काय शेवट केलाय! दार बंदच!' जेवलासुद्धा नाहीस नीट. म्हटलं, याला एवढं आवडलंय तर राहू दे. मग तुम्ही मंडळ काढलंत, लांबलांबून माणसं कॅसेट मागायला लागली. मग तर माझी जीभच उचलेना."

चहावर साय धरली.

"त्यात एवढं काय बिघडलं?" ताई म्हणाली. "बरं, तो चावीवाला किती वर्षांत दिसला नाही. तू म्हणाला होतास, त्याला दुकानातून सवड होत नाही."

"आमचं बोलणं नाही, ताई. या दारावरूनच तुटलं. तो म्हणायचा उघडलं, मी म्हणायचो नाही."

"या दारावरून?" ताईने मांजर खाली सोडलं. "इतकी वर्षं? अरे, मला एका शब्दाने तरी बोलायचंस!" तिचा आवाज कापला. "माझ्या हातचं जेवणारं लाडकं पोर होतं रे ते. मी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर..."

"तू कॅसेट तोडलीस. मैत्री मीच तोडली," चष्मेवाला म्हणाला. हे त्याने पहिल्यांदाच कोणासमोर कबूल केलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

जिन्यापर्यंत जाऊन तो परत वळला. "ताई, दार उघडल्यावर सारथी काय म्हणाला?"

ताईने सांगितलं.

पुढचे काही दिवस त्याचं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावं भिंग उजवीकडे बसवलं. गप्प राहायला काय हरकत होती? ताई कोणाला सांगणार नव्हती. मंडळ त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारं होतं. खरं बोललं, तर त्या 'अंधार पाळण्या'चं काय करायचं? लोकांनी वर्षानुवर्षं जे देवासारखं जपलं, ते ताईचं चुकून दाबलेलं बटण होतं, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि सगळ्यात वर, तो चावीवाला बरोबर ठरणार. तो हसणार. हसू दे, असंही एकदा वाटलं, आणि मग तेच वाटत राहिलं.

सुट्टीच्या दिवशी मंडळ भरायच्या आधी तो चावीवाल्याच्या दुकानात गेला. दुकान कसलं, जिन्याखालचं खोपट. भिंतभर चाव्या लटकलेल्या, आणि मध्ये चावीवाला कानशीने एक चावी घासत बसलेला. त्याने मान वर केली. नाकावरच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती आणि भिंगं पार ओरखडलेली होती. हा चष्मा चष्मेवाल्यानेच बनवलेला. इतक्या वर्षांत या माणसाने दुसऱ्या कोणाकडे पाऊल टाकलं नव्हतं.

"ये," चावीवाला म्हणाला, जणू कालच भेटले होते. स्टूल पायाने पुढे सरकवलं. मग कानस खाली ठेवून, चाव्यांकडे बघत, म्हणाला, "नवीन बघितली मी. दार उघडतात ना, ते नाही पटलं. तूच बरोबर होतास लेका. बंदच हवं होतं. मी उगाच हट्टाला पेटलो."

घ्या! आता बोला. विजय असा आयता ताटात वाढून आला होता. नुसतं 'हूं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. भांडणही मिटलं असतं आणि मानही राहिला असता.

"उघडलं होतं," चष्मेवाला म्हणाला.

"काय?"

"जुन्यातही उघडलं होतं. ताईने घाईत रेकॉर्डिंग बंद केलं. अंधार संपायच्या आधीच." आणि मग सगळं सांगून टाकलं.

चावीवाल्याने तोंडाचा आ केला. मग त्याला हसू फुटलं, इतकं की चष्मा नाकावरून घसरला. पण हसता हसता तो मध्येच थांबला. "तरी मी म्हणतो, बंद बरं होतं."

"अरे, उघडलं होतं म्हणून सांगतोय ना! लेखकानेच उघडलं!"

"लेखकाला काय कळतंय? इतकी वर्षं विचार केलाय मी त्यावर."

"तूच म्हणाला होतास, बिजागऱ्या आहेत!"

"बिजागऱ्या असल्या म्हणून काय झालं?"

अशी आता उलट्या बाजूंनी जुंपली. जिन्यावरून जाणारी एक बाई वाकून बघून गेली, कोणाचा खून तर पडत नाही ना. शेवटी चष्मेवाला उठला. "चल, मंडळ जमलं असेल. त्यांना सांगायचंय, आणि माझी एकट्याची छाती होत नाही." चावीवाल्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तो निघाला.

दुकानासमोर सगळे उभेच होते. ड्रायव्हर मोबाइल सरसावून तयार. चावीवाल्याला बघून गणिताच्या बाईंच्या भुवया वर गेल्या.

"ते खिशात ठेवा," चष्मेवाला ड्रायव्हरला म्हणाला. "आधी माझं ऐका." आणि पायरीवरच उभं राहून त्याने सांगितलं. ताईचं बटण, काळा पडदा, दार. काही लपवलं नाही.

अंधार पाळल्यासारखेच उभे राहिले सगळे, भर दुपारी.

"म्हणजे निषेध नाही करायचा?" ड्रायव्हरने हळूच विचारलं.

"करू की," चावीवाला म्हणाला. "ती व्हायोलिनं ऐकलीत का?"

तेव्हा कुठे लोक हसले. गणिताच्या बाई मात्र हसल्या नाहीत. पदर सावरत म्हणाल्या, "तुमच्या ताईंना काय दिसलं ते त्यांचं. माझ्या घरी ते दार बंदच राहील. माझे यजमान गेले ते वर्ष मी त्याच दारापाशी बसून काढलंय." यावर चष्मेवाल्याने हात जोडले. मग बाईच जरा थांबून म्हणाल्या, "पण उघडल्यावर तो काय म्हणाला, ते सांगा."

"काही नाही. आधी नुसता बघत राहिला. मग म्हणाला, 'पाय पुसून ये.'"

"एवढंच?"

"एवढंच."

बाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि चष्मा काढून पुसला.

चष्मेवाल्याने खिशातून चावी काढली, शटरला गुडघा लावला. चावी फिरली आणि नेहमीप्रमाणे अर्ध्यावर रुसली. त्याने ती वर उचलली, खाली दाबली, एक शिवी घातली.

"कधीपासून अडतंय?" चावीवाल्याने विचारलं.

"तू गेल्यापासून."

"आणि कोणाला दाखवलं नाहीस?"

"तुझा चष्मा कोणाला दाखवलास?"

"दे इकडे," म्हणून चावीवाल्याने चावी घेतली, कुलपाशी कान नेला, चावी अशी हलवली जशी आई झोपलेल्या पोराला हलवते, आणि कुलूप निमूटपणे उघडलं. शटर वर गेलं. चष्मेवाला बाजूला झाला आणि त्याला आधी जाऊ दिलं.

आत भिंगं घासायचं यंत्र होतं तिथेच होतं, खुर्च्याही त्याच. चावीवाला उंबऱ्यापाशी थांबला, खाली वाकून बघितलं, आणि पायपुसण्यावर आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही पाय नीट पुसले.